पाषाणाचें ऋण

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवालयाचा पाया कोणत्या सालीं घातला, द्रव्य कोणीं दिलें, घंटा कोठून आणली, ह्या गोष्टी आदरपूर्वक नमूद करण्याचा परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या दगडावर देवालय उभें राहतें तो दगड कोणत्या डोंगरांतून निघाला, तो कोणीं फोडला, आणि तो निघून गेल्यावर त्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या लोकांचें काय झालें, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत दगडाच्या खाणीचा थोडासा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे; तथापि पक्क्या घरांत राहणारा व डांबरी रस्त्यानें जाणारा प्रत्येक मनुष्य ह्या इतिहासाचा भागीदार आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो परका वाटणार नाहीं.

आरंभ गुंजवण्यापासून करूं. पुणें जिल्ह्यांत भोर व वेल्हें हा डोंगराळ मुलूख आहे. वेल्हें तालुक्यास आतां राजगड तालुका असें नांव दिलें आहे. तेथें गुंजवणी नदीच्या खोऱ्यांत, राजगडाच्या अगदीं पायथ्याशीं, गुंजवणें हें लहानसें गांव वसलें आहे. येथून निघणारी पायवाट चोरदरवाजानें पद्मावती माचीवर पोहोंचते. पूर्वीं ह्या डोंगरास मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. शिवाजी महाराजांनीं तो बांधून काढला, त्यास राजगड हें नांव दिलें, आणि सुमारें पंचवीस वर्षें राज्याचा कारभार तेथून चालविला. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगड आहे.

ह्या खोऱ्यांतील ओढ्यांत जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो, त्याच जातीचा पाषाण वर गडाच्या तटांत दिसतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस भेगांवाटे पुनःपुन्हां बाहेर आला, थरावर थर निवत गेले, आणि त्यांतून दख्खनचें पठार व सह्याद्रीचीं शिखरें झालीं. ह्या पाषाणास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आपण त्यास काळा दगड म्हणतों. सह्याद्रीवरील किल्ले बांधणारांनीं हा दगड बहुधा जागच्या जागींच काढला. माथ्यावरील कातळांत टांकें खोदलें कीं एका श्रमांत दोन कामें साधत : निघालेले चिरे तटास लागत, आणि खोदलेल्या जागेंत पावसाचें पाणी सांठे. गडाची खाण तीच गडाची विहीर, असा हा हिशेब होता. राजगडाच्या माच्यांवर अशीं टांकीं आजही पाहावयास मिळतात. ही रीत शिवकाळींच निघाली असें मात्र नव्हे. जुन्नर व कान्हेरी येथील लेण्यांत फार प्राचीन शिलालेख आहेत. त्यांत अशा टांक्यास ‘पोढी’ असा शब्द आहे, आणि पोढी खोदवून देणाऱ्या दात्यांचीं नांवें तेथें कोरून ठेविलीं आहेत. वाटसरूस व शेजाऱ्यास पाणी देणारी खाण हें त्या काळीं दानाचें काम समजत.

गडाच्या पाण्याविषयीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत जें सांगितलें आहे, तें आमच्या विषयास फार उपयोगी आहे. सुमारें १७१५ सालच्या ह्या ग्रंथांत, गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, आणि पाणी नसूनही ती जागा बांधणें भागच असेल तर प्रथम खडक फोडून तळीं व टांकीं करावीं, अशी शिकवण आहे. एका झऱ्यावर विसंबून राहूं नये, असेंही अमात्य बजावतात, व त्याचें कारण देतात कीं, लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात. त्याच ग्रंथांत आंबा-फणसादि झाडांविषयीं आज्ञा आहे. रयतेनें तीं लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. सबब धन्यास राजी केल्यावांचून व मोल दिल्यावांचून तीं तोडूं नयेत, असें तींत बजाविलें आहे. राज्यास दगड, लाकूड, दारूगोळा सर्व कांहीं हवें होतें. पण तें घेतांना शेजारच्या रयतेचें झाड व पाणी सांभाळावें लागतें, ही समज तीनशें वर्षांपूर्वीं ह्या सह्याद्रीच्या कारभाऱ्यांस होती.

आतां घाट उतरून आपण समुद्रकांठीं येऊं. कारण आम्हां ख्रिस्ती लोकांचा ह्या दगडाशीं जुना संबंध तेथें आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली व १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. गोव्याचा स्वतःचा जांभा दगड सच्छिद्र असून बारीक कोरीव कामास तितकासा सोयीचा नाहीं; म्हणून वसईचा काळा दगड समुद्रमार्गें गोव्यास नेण्यांत आला. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस देवालयाचें काम १५९४ सालीं सुरू झालें आणि १६०५ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. त्याच्या दर्शनी भागावरील खांब व नक्षीकाम वसईहून आणिलेल्या दगडाचें आहे. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या अवशेषांच्या दर्शनास जाणारे आपले यात्रेकरू ज्या दारांतून आंत पाऊल टाकितात, त्या दाराशीं आपल्याच उत्तर कोंकणचा पाषाण उभा आहे. ज्यांच्या देणगीनें तें देवालय झालें त्या दों जेरोनिमो मास्करेन्हास ह्यांचें स्मारक आंत आहे. ज्यांनीं वसईस पहार व टांकी चालविली, त्यांचें स्मारक म्हणजे तो दगडच होय. टांकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, अशी आपल्यांत म्हण आहे. परंतु घाव घालणारा हातही कांहीं सोसत असतो, हें त्या म्हणींत आलेलें नाहीं.

ह्या सर्व काळांत खाण माणसाच्या बळाएवढीच राहिली. कातळांत भोंकांची ओळ पाडावयाची, त्यांत पाचरी ठोकावयाच्या, घणानें चिरा सुटा करावयाचा, आणि गाडीवर घालून न्यावयाचा, अशी ती रीत होती. एकोणिसाव्या शतकांत हें प्रमाण पालटलें. बोरघाटांतून लोहमार्ग नेण्याचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ सालीं पुरें झालें. त्याकरितां पंचवीस बोगदे फोडावे लागले, आणि १८६१ सालीं तेथें बेचाळीस हजारांवर माणसें कामावर होतीं. डोंगर फोडण्यास सुरुंगाची दारू व हजारों मजूर एकत्र आणिले म्हणजे काय होऊं शकतें, हें आपल्या लोकांनीं तेथें प्रथम पाहिलें. पुढें मुंबई वाढली. कुर्ल्याचा व मालाडचा दगड तेथील मोठमोठ्या इमारतींस लागला. अंधेरीस गिल्बर्ट टेकडी नांवाचा उभ्या काळ्या स्तंभांचा सुमारें दोनशें फूट उंच कडा आहे. भूशास्त्रज्ञ त्यास फार मोलाचा मानतात. सभोंवतालचा दगड खाणींनीं नेल्यावर जो भाग उरला तो हा. २००७ सालीं त्यास वारसास्थळाचें संरक्षण मिळालें. परंतु तोंवर तो चोहोंकडून कापला जाऊन इमारतींच्या गर्दींत एकाकी उभा राहिला होता. शहर खाण मागतें, वाढतां वाढतां तिला गिळून टाकितें, आणि मग खाण पुढल्या खेड्याकडे सरकते. मुंबईंत झालें तेंच पुण्याच्या आसमंतांत आमच्या पिढीनें पाहिलें आहे.

खाणीवर राबणाऱ्या हातांकडे आतां वळूं. जातें, पाटा-वरवंटा घडविणारा पाथरवट गांवगाड्यांत स्थिर असे. दगड फोडणारा वडार मात्र पालांत राहून कामामागें फिरे. गाडी वडार, माती वडार असे त्यांच्यांत कामावरूनच भेद पडले. इंग्रजी अमलांत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि फिरत्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का बसूं लागला. १९५२ सालीं तो कायदा साऱ्या देशांतून उठला. महाराष्ट्रांत वडार समाजाची गणना विमुक्त जातींत होते. ज्यांच्या श्रमानें रस्ते, विहिरी व धरणें झालीं, त्यांच्यांतील पुष्कळांच्या नांवावर घरापुरतीही जमीन नसावी, हें आमच्या इतिहासांतील मोठें वैगुण्य होय.

१९७२ सालच्या दुष्काळानें हा अनुभव शेतकऱ्यासही आणून दिला. पिकें बुडालीं, विहिरी आटल्या, आणि लक्षावधि स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर गेले. त्यांतील कित्येकांनीं रस्त्याच्या कडेस बसून हातोड्यानें खडी फोडली. त्या कामांनीं लोक जगले ह्यांत संशय नाहीं. १९७७ सालचा रोजगार हमीचा कायदा त्याच अनुभवांतून पुढें आला. परंतु फोडलेली खडी मोजून देऊन मजुरी घेणाऱ्या कुणब्यास तेव्हां कळलें कीं, दगडाची किंमत प्रथम तळहातास द्यावी लागते.

त्याहून कठीण स्थिति वेठबिगारांची होती. मालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत मजुरानें खाण सोडूं नये, आणि ती तर कधींच फिटूं नये, असा हा व्यवहार असतो. १९७६ सालीं कायद्यानें वेठबिगारी बंद झाली, तरी खाणींतून ती चालूच राहिली. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयीं बंधुआ मुक्ति मोर्चा ह्या संस्थेनें लिहिलेलें पत्र हाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं निकाल दिला. त्यांत न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं मजुरांची मुक्तता व पुनर्वसन, पिण्याचें स्वच्छ पाणी, धुळीपासून बचाव, औषधोपचार, मुलांचें शिक्षण ह्या गोष्टी शासनाचें कर्तव्य म्हणून सांगितल्या. आपल्या प्रांतांत पुण्याजवळ वाघोली येथें बस्तू रेगे व पल्लवी रेगे ह्यांनीं १९९७ सालीं ‘संतुलन’ ही संस्था काढून खाणमजुरांच्या मुलांसाठीं पाषाण शाळा सुरू केल्या. मूल शाळेपर्यंत येत नाहीं तर शाळाच खाणीपर्यंत न्यावी, हा साधा विचार. पण त्यानें ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणी पाटी धरली नव्हती अशीं मुलें शिकूं लागलीं.

गेल्या कांहीं दशकांत आणखी एक पालट झाला. चिऱ्याची जागा खडीनें घेतली. काँक्रीटच्या आकारमानाचा सुमारें ६० ते ७५ टक्के भाग खडी व वाळू ह्यांचा असतो. नदींतील वाळू उपसण्यावर निर्बंध आले, तेव्हां दगड दळून वाळू करूं लागले. म्हणजे वाळूचें ओझेंही डोंगरावरच पडलें. भिंतींतील चिरा डोळ्यांस दिसतो व आपल्या डोंगराची ओळख सांगतो. खडी सिमेंटांत नाहींशी होते. ती कोठून आली हें घरमालकासही ठाऊक नसतें. खाणीच्या शेजाऱ्याचें दुःख आपल्यापर्यंत पोहोंचत नाहीं, ह्याचें हें एक मोठें कारण आहे.

तें दुःख काय आहे तें क्रमानें सांगतों. पहिलें पाण्याचें. काळ्या दगडाच्या अंगीं पाणी जिरविण्याची शक्ति फार थोडी. आपल्या विहिरींचें पाणी येतें तें वरच्या झिजलेल्या थरांतून व कातळाच्या सांध्यांतून. खाण विहिरीच्या तळाहून खोल गेली आणि तिच्यांतील पाणी पंपानें बाहेर टाकूं लागले, म्हणजे शेजारच्या विहिरीचें पाणी त्या खड्ड्याची वाट धरतें. सुरुंगाच्या हादऱ्यानें सांधे कोठें उघडतात, कोठें बुजतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाहणारा झरा मार्ग बदलूं शकतो. सर्व ठिकाणीं परिणाम सारखा होत नाहीं. तो कातळाच्या ठेवणीवर व अंतरावर अवलंबून असतो. तथापि अमात्यांनीं तोफांच्या संबंधानें जो धोका ओळखला होता, त्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

दुसरें धुळीचें. खडीच्या यंत्रांतून उडणारी बारीक भुकटी पानांवर बसली म्हणजे पिकाचा प्रकाश व श्वास कोंडतो. माणसाच्या छातींत गेली म्हणजे खोकला व दमा पाठ सोडीत नाहीं. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणें यंत्रापासून ३ ते १० मीटरांवर हवेच्या एका घनमीटरांत तरंगती धूळ ६०० मायक्रोग्रॅमहून अधिक असूं नये. यंत्रास आच्छादन घालणें, पाण्याचा फवारा मारणें, भोंवतीं झाडें लावणें हे त्यावरचे उपाय होत. ते महागही नाहींत. तिसरें घराचें. मातींत रचलेल्या भिंतींस हादऱ्यानें भेगा जातात, आणि उडालेला धोंडा कोणाच्या छपरावर पडेल ह्याचा नेम नसतो. चौथें वाटेचें. भरलेल्या गाड्या रात्रंदिवस धांवून खेड्यांतील रस्ता उखडून टाकितात, आणि त्याच रस्त्यानें मुलें शाळेस जातात.

अशा वस्त्यांत आम्ही गेलों आहों. तेथें पाण्याच्या हंड्यावर फडक्याची दुहेरी घडी असते. सुरुंगाची वेळ घरांतील बायांस घड्याळावांचून कळते. त्या वेळीं त्या मुलांस हांक मारून आंत घेतात, आणि धमाका झाला कीं पुन्हां आपल्या कामास लागतात. विचारलें तर तक्रारही करीत नाहींत. कारण पुष्कळ घरांतला एखादा मुलगा त्याच खाणीवर किंवा गाडीवर कामास असतो. खाणीनें पाणी नेलें आणि खाणीनेंच मजुरी दिली, अशा कात्रींत सांपडलेला मनुष्य बोलणार तरी काय? म्हणून त्याच्या मौनास संमति समजणें न्यायाचें नाहीं.

कायद्यानें ह्या दगडास ‘गौण खनिज’ असें नांव दिलें आहे, आणि १९५७ सालच्या खनिज कायद्यान्वयें त्याची व्यवस्था राज्य सरकारांकडे आहे. नांव गौण, म्हणून काळजीही बराच काळ गौणच राहिली. पांच हेक्टरांहून लहान खाणीस पर्यावरणाची परवानगी लागत नसे. तेव्हां मोठ्या खाणीचे लहान तुकडे दाखवून ती अट टाळण्यांत येई. २०१२ सालच्या फेब्रुवारींत दीपक कुमार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही पळवाट ओळखून, लहान पट्ट्यांसही परवानगी घ्यावी लागेल असें ठरविलें. २०१५ सालच्या दुरुस्तीनें खाणींमुळें बाधा पोहोंचलेल्या लोकांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापण्याची तरतूद झाली. सह्याद्रीपुरतें पाहिलें तर प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या समितीनें २०११ सालीं व डॉ. कस्तुरीरंगन ह्यांच्या समितीनें २०१३ सालीं आपले अहवाल दिले. दुसऱ्या समितीनें संवेदनशील ठरविलेल्या क्षेत्रांत खाणकाम व दगडखाणी बंद कराव्या असें सुचविलें. त्यावरून २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचा मसुदा सहा वेळां निघाला. एका दशकांत सहा मसुदे, ह्यावरून प्रश्नाची अवघडता जशी दिसते तशी आपली चालढकलही दिसते.

दगडावांचून कोणाचें चालणार नाहीं, हें आम्ही जाणतों. रुग्णालय, शाळा, पूल, देवालय, गरिबाचें घर, सर्वांस तो लागतो. खाणी सरसकट बंद कराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. पण जुन्या व नव्या खाणीची तुलना केली असतां एक भेद स्पष्ट दिसतो. गडावरील खाण दगड देऊन थांबली नाहीं. तिनें मागें पाण्याचें टांकें ठेविलें. आजची खाण काम संपलें म्हणजे मागें उघडा खड्डा ठेविते. पावसाळ्यांत त्यांतही पाणी सांठतें. परंतु त्यास ना पायऱ्या, ना कठडा, ना कोणी धनी. गुरें त्यांत पडतात, पोहावयास उतरलेलीं मुलें बुडतात, आणि कोठें कोठें शहराचा केर त्यांत आणून टाकितात. जो डोंगर घेतला त्याच्या बदल्यांत शेजाऱ्यास कांहीं परत देणें, हाच खाणीचा खरा हिशेब होय, आणि तो आज पुरा होत नाहीं.

मग आपण काय करावें? प्रत्येक धर्मग्रामांत वर्षानुवर्षें कांहींना कांहीं बांधकाम चालूच असतें. नवी खोली, नवें सभागृह, शाळेचा मजला, कुंपणाची भिंत, असें तें असतें. बांधकाम समितीनें सिमेंटचा भाव विचारतांना खडी कोणत्या खाणीची, तिला परवाना आहे काय, तेथील मजुरांचीं मुलें शाळेंत जातात काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. गिऱ्हाइकानें विचारलेला प्रश्न खाणवाल्यापर्यंत निश्चित पोहोंचतो. ज्यांचें शेत खाणीशेजारीं आहे त्यांनीं खाणीच्या परवान्याची मुदत व अटी तहसील कचेरींत पाहून घ्याव्या, ग्रामसभेंत हजर राहावें, आणि विहिरीच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यांत व पावसाळ्यानंतर वहींत लिहून ठेवावी. तोंडी तक्रारीपेक्षां तारखेसह लिहिलेली नोंद अधिक काम करिते. काम संपलेल्या खड्ड्यास कुंपण घालावें, त्याचे कांठ उतरते करावे, आणि पाणी चांगलें असेल तर गांवाच्या उपयोगास द्यावें, असा आग्रह सर्वांनीं मिळून धरावा. आणि वडार वस्तींतील मूल आपल्या शाळेच्या दाराशीं आलें तर दाखल्याच्या कागदावांचून तें परत जाऊं नये.

जुन्या लेण्यांत पोढी खोदवून देणाराचें नांव कोरलें गेलें, कारण त्याच्या दगडाच्या कामांतून दुसऱ्याची तहान भागली. आम्हीं बांधलेल्या वास्तूंविषयीं पुढल्या पिढीस तसेंच म्हणतां यावें. ह्या वास्तूंसाठीं जो डोंगर फुटला, त्याच्या पायथ्याच्या विहिरीस पाणी राहिलें, त्यावर राबलेल्या माणसास त्याची मजुरी पुरती मिळाली, आणि त्याचें लेंकरूं शिकलें, असें त्यांच्या पाहण्यांत यावें. वाचकांनीं ह्या गोष्टीचा आपापल्या घरीं व समितींत विचार करावा, इतकी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.